पाचवीला नेमकं काय पुजतात?

‘खड्डे तर आपल्या पाचवीलाच पुजलेत!’ मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे पडलं आणि गाडी आदळत-आपटत कासूच्या दिशेने निघाली, की एसटीत कुणीतरी हे वाक्य म्हणतंच. कुणाच्या पाचवीला गरिबी पुजलेली असते, कुणाच्या दगदग, माझ्यासारख्यांच्या पीएचडी. आयुष्यभर पाठ न सोडणारी गोष्ट, हा अर्थ आपल्याला पाठ असतो. पण ही पाचवी म्हणजे कोण, ती पुजतात म्हणजे काय करतात, आणि ती पाचवीच का, दुसरी किंवा नववी का नाही, हे प्रश्न सहसा कुणाला पडत नाहीत. मला पडले, आणि माझ्या संशोधनाचा बराचसा भाग आता त्यांच्याभोवतीच फिरतो. म्हणून आजचा लेख त्यावर.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मी एमएस्सी केली सूक्ष्मजीवशास्त्रात. पीएचडी मात्र आरोग्याच्या इतिहासात करतेय: उत्तर कोकणात बाळंतपण कसं होत असे, नवजात बाळाची काळजी कोण आणि कशी घेत असे, आणि हे सगळं गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कसं बदललं. कामाचं क्षेत्र पेण आणि रोहा तालुक्यांची सीमा, म्हणजे कासू, नागोठणे आणि आसपासची गावं-वाड्या. एका बाजूला खाडीची खारी जमीन आणि भातशेती, दुसऱ्या बाजूला डोंगर. आगरी, कोळी, कुणबी, कातकरी, ठाकूर अशी सगळी वस्ती. प्रत्येकाच्या रीती थोड्या थोड्या वेगळ्या, पण बाळ जन्मल्यावर दिवस मोजायची सवय सगळ्यांची सारखी. पाचवा, सहावा, बारावा, सव्वा महिना. हे आकडे कुठून आले, हा माझा मुद्दा.

पाचवीची रात्र

ज्यांनी पाचवी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाळ पाच दिवसांचं झालं की संध्याकाळी बाळंतिणीच्या खोलीत पूजा मांडतात. पाटा किंवा पाटा-वरवंटा, त्यावर हळदकुंकू, विडा, नारळ, नैवेद्य. विळा किंवा कोयता ठेवतात. कुठे पाचव्या, कुठे सहाव्या दिवशी कोरा कागद आणि पेन ठेवतात, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते. दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही. घरातल्यांनी झोपायचं नाही. मग जागायला काहीतरी निमित्त हवं, म्हणून कुठे गाणी, कुठे भजन, कुठे ओटीवर पुरुषांचा पत्त्यांचा डाव. जेवण तर असतंच, आणि ते बहुतेक घरांत सामिष असतं.

बाहेरून पाहणाऱ्याला हा सोहळा वाटतो. पण त्यातल्या वस्तू नीट पाहा. लोखंडी धार, अखंड दिवा, जागरण. यातलं काहीच सोहळ्याचं नाही, सगळं पहाऱ्याचं आहे.

आणि हा पहारा जुना आहे. चरकसंहितेत सूतिकागाराचं वर्णन करताना दहा किंवा बारा दिवस आप्तेष्टांनी जागं राहावं असं सांगितलं आहे. साधारण सातव्या शतकातल्या वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर सहाव्या रात्रीचा वेगळा उल्लेख येतो: त्या रात्री विशेष रक्षाविधी करावा आणि बाळाच्या नातेवाइकांनी आनंदात जागावं. त्याच शतकातल्या बाणभट्टाच्या कादंबरीत सूतिकागृहाचं जे वर्णन आहे, त्यातही षष्ठीदेवी हजर आहे. पुढे कल्याणीला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तिच्यात मार्कंडेयाच्या नावावर एक वचन दिलंय. त्याचा आशय असा की सहावी रात्र विशेष जपावी, पुरुषांनी हातात शस्त्र घेऊन आणि बायकांनी नाचगाण्याने रात्र जागवावी. नऊशे वर्षांत शस्त्राच्या जागी पत्ते आले एवढाच काय तो फरक.

सटवाई हे नावसुद्धा आकड्यावरूनच आलंय. संस्कृतमधली षष्ठी, म्हणजे सहावी. तिचीच सटी, सटवी, सटवाई झाली. उत्तर भारतात तिची छठी होते, बंगालात षष्ठी ठाकरुण. थोडं थांबून विचार केला तर हे विचित्रच आहे. देवीला तिच्या रूपावरून नाव असतं, गावावरून असतं, पराक्रमावरून असतं. इथे ते दिवसाच्या क्रमांकावरून पडलंय.

मग चीन कशाला?

माझ्या सिनॉप्सिसवर गाइडनी पहिला प्रश्न हाच विचारला होता. सरळ उत्तर असं: प्रयोगशाळेत आपण ‘कंट्रोल’ ठेवतो. एखादा परिणाम अमुक एका कारणाने होतो असं म्हणायचं असेल, तर ते कारण नसलेली दुसरी नळी शेजारी ठेवावी लागते. पाचवी-सहावीचं सगळं महत्त्व जर फक्त षष्ठीदेवीच्या पुराणकथांमुळे असेल, स्कंदाला सहा तोंडं आणि त्याला पाजणाऱ्या सहा कृत्तिका वगैरे, तर जिथे या कथा नाहीत तिथे पहिल्या आठवड्याची अशी धास्ती दिसायला नको. भात पिकवणारा, घरातच बाळंतपणं होणारा, आणि लेखी नोंदी भरपूर असलेला असा दुसरा समाज हवा होता. चीन यात नेमका बसतो.

चीनमध्ये बाळाच्या जन्माचे टप्पे साधारण असे. तिसऱ्या दिवशी बाळाची विधिपूर्वक आंघोळ. मग महिनाभर शांतता. आई खोलीत ‘महिना बसते’. या प्रथेचं चिनी नाव ‘त्सुओ युएत्झ’, शब्दशः अर्थ तोच. तीस दिवस पुरे झाले की ‘मान युए’, म्हणजे पूर्ण महिना. त्या दिवशी मेजवानी, बाळाचं जावळ काढणं, आणि नातेवाईक-शेजाऱ्यांना लाल रंगाने रंगवलेली उकडलेली अंडी वाटणं. शंभराव्या दिवशी पुन्हा सोहळा. वर्षाच्या वाढदिवशी बाळापुढे पुस्तक, कुंचला, नाणी, कात्री, हत्यारं अशा वस्तू मांडतात आणि ते पहिल्यांदा काय उचलतं यावरून पुढे काय होणार याचा अंदाज बांधतात. ही वस्तू उचलायची चाल सहाव्या शतकातल्या यान चितुइ या लेखकाने नोंदवून ठेवली आहे. आपल्या धर्मग्रंथांत अन्नप्राशनाच्या वेळी हाच प्रकार सांगितलाय, आणि तिथेही तो मार्कंडेयाच्याच नावावर आहे.

म्हणजे चीनमध्ये पाचव्या-सहाव्या दिवसाची देवी नाही, पूजा नाही. मग धास्ती नव्हती का? होती. फक्त ती वेगळ्या जागी सापडते. नवजात बाळांच्या एका आजाराची चिनी लोकभाषेतली नावं पाहा: ‘स लिऊ फंग’ म्हणजे चार-सहाचा वारा, आणि ‘छी र फंग’ म्हणजे सात दिवसांचा वारा. आपल्याकडे दिवसाचा आकडा देवीच्या नावात गेला, त्यांच्याकडे आजाराच्या नावात.

मी लायब्ररीत बसून हे वाचत होते तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राचं जुनं पाठ्यपुस्तकच डोळ्यांपुढे आलं. कारण हा आजार मला ओळखीचा होता.

वारा नावाचा जिवाणू

तो आजार म्हणजे नवजात बाळाचा धनुर्वात. आपल्या शब्दातही वारा आहे, लक्षात आलं का? धनुर्वात, म्हणजे शरीर धनुष्यासारखं वाकवणारा वात. चिनी वैद्यकात त्याला ‘छी फंग’ म्हणतात, बेंबीचा वारा. दोन वेगळ्या वैद्यकपरंपरांनी एकाच आजाराला वाऱ्याचं नाव दिलं, आणि दोन्हीकडच्या बाळंतिणी ‘वारं लागेल’ म्हणून कानाला फडकं बांधून खिडकी लावून बसल्या.

वारा मात्र निर्दोष होता. दोष होता विळ्याचा, किंवा बांबूच्या पातीचा, किंवा बेंबीवर लावलेल्या राखेचा आणि शेणाचा. धनुर्वाताचा जिवाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतो. परिस्थिती प्रतिकूल असली की तो बीजाणू होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो. त्याला प्राणवायू चालत नाही, त्यामुळे मृत पेशींची बंद जागा त्याला उत्तम. कापलेल्या नाळेचं सुकत जाणारं टोक म्हणजे नेमकी तीच जागा. बीजाणू तिथे पोचला की रुजतो, वाढतो आणि विष तयार करतो. ते विष मज्जातंतूंच्या वाटेने मेरुरज्जूपर्यंत जातं. या सगळ्याला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजेच आपले ते दिवस.

जागतिक आरोग्य संघटना हा आजार ओळखण्याची जी व्याख्या देते, ती वाचताना अंगावर काटा येतो. पहिले दोन दिवस बाळ नीट पितं, नीट रडतं. तिसऱ्या दिवसापासून पुढे कधीतरी त्याला दूध ओढता येईनासं होतं, मग अंग ताठतं, आचके येतात. बहुतेक बाळांत हे पहिल्या आठवड्याच्या उत्तरार्धात किंवा त्याला लागून सुरू होतं. उपचार नसतील तर जवळजवळ प्रत्येक बाळ दगावतं.

आता एखाद्या आईच्या जागी उभं राहून बघा. जन्मतानाच गेलेलं बाळ, किंवा पहिल्या दिवशी न रडलेलं बाळ, याचं दुःख मोठंच, पण त्याचं कारण तिला दिसतं. बाळंतपण अवघड होतं, बाळ अशक्त होतं. पण जे बाळ चार दिवस मजेत प्यालं, ते पाचव्या-सहाव्या दिवशी तोंड मिटून बसतं आणि दोन दिवसांत जातं, त्याचं काय कारण सांगणार? काल तर बरं होतं. मग रात्रीतून कुणीतरी आलं असणार. काहीतरी लिहून गेलं असणार.

माझं म्हणणं असं की पाचवी-सहावीची रात्र नेमकी या जागी उभी आहे. लोकांना जिवाणू माहीत नव्हता, पण त्यांनी दिवस बरोबर मोजले होते.

इथे एक सावधगिरी. ‘बघा, आपले पूर्वज किती शास्त्रीय होते’ असा फॉरवर्ड यातून बनवू नका. मोजणं आणि कारण ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाचवीच्या पाटावर विळा पुजला गेला, पण नाळ कापायचा विळा उकळून घ्यावा हे त्या पूजेतून कधीच निघालं नाही. चरकसंहितेत नाळ सोन्याच्या, रुप्याच्या किंवा लोखंडाच्या तीक्ष्ण शस्त्राने कापायला सांगितली आहे; खेड्यातल्या खोलीत मात्र हाताला लागेल ती धार वापरली गेली. चीनमध्ये बाराव्या शतकातल्या एका बालवैद्यकाच्या ग्रंथाने बेंबीचा वारा आणि मोठ्यांना जखमेतून होणारा धनुर्वात एकच आहे हे ओळखलं आणि नाळेचं टोक डागायला सांगितलं. तरी पुढची आठशे वर्षं तिथली बाळं याच वाऱ्याने जात राहिली. ग्रंथ वैद्याच्या घरी होता आणि कात्री सुईणीच्या हातात.

बारसं कुणाचं होतं?

पाचवी पार पडली की पुढचा टप्पा बाराव्या दिवसाचा. सोयर, आपल्याकडे सुवेर म्हणतात ते, फिटतं. बाळ पाळण्यात जातं, त्याच्या कानात नाव सांगतात, घुगऱ्या वाटतात. चिनी लाल अंडी आणि आपल्या घुगऱ्या यांचं काम एकच आहे: आता हे मूल आपल्यात आलं हे चार घरांना सांगणं, आणि त्यांना साक्षीदार करणं. जन्मदाखला नसलेल्या काळात ‘तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी’ हे वाक्य नुसता टोमणा नव्हतं, वयाचा पुरावा होता. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९चा. त्यानंतरही कित्येकांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून लिहून टाकली, हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

पण घुगऱ्यांच्या या नोंदवहीत एक अट आहे. तिच्यात नाव चढायला बाळ बारा दिवस जगावं लागतं. चीनमधली अट आणखी कडक होती. ‘लीची’ या प्राचीन विधिग्रंथानुसार बाप मुलाला नाव देतो ते तिसऱ्या महिन्यात. तोवर मूल आहे, पण पुरतं आलेलं नाही.

याचा अर्थ मला मुलाखती घेताना कळला. सुरुवातीला मी म्हाताऱ्या बायकांना ‘आजी, तुम्हाला मुलं किती?’ असं विचारायचे. उत्तर यायचं चार, पाच. मग एका आजींनी स्वतःच सांगितलं, ‘पोरी, असं नको इचारू. बाळंतपनं किती नि बारशी किती, असं इचार.’ त्यांची बाळंतपणं नऊ होती, बारशी सहा. मधली तीन कुठल्याही कागदावर नाहीत. त्यांना नावं नाहीत. मी कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘सटवीनं लिवलेलं कुनाला चुकलंय?’ तेव्हापासून मी हेच दोन प्रश्न विचारते. उत्तरातला फरक म्हणजे माझ्या प्रबंधाचा एक अख्खा चॅप्टर आहे.

असा फरक सुशिक्षित घरांतही होता. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ दहा दिवस जगलं. बाराव्या दिवसापर्यंत ते पोचलंच नाही. औषधोपचार मिळाले नाहीत ही खंत त्यांच्या डॉक्टर होण्यामागे होती, हे आपण शाळेत वाचतो. १८८६ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन त्यांनी अभ्यासाला घेतली ती हीच खोली.

ही खोली सरकारी कागदांत जवळजवळ दिसत नाही. १८८२चं ठाण्याचं आणि १८८३चं कुलाब्याचं गॅझेटियर घ्या (कुलाबा म्हणजेच १९८१ पासूनचा रायगड), किंवा कोकणातल्या शाळामास्तरांकडून आलेल्या माहितीवरून एंथोवेनने १९१५ साली छापलेलं लोकविद्येचं पुस्तक घ्या. माहिती देणारे पुरुष, लिहून घेणारे पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला प्रवेश नाही. त्यामुळे देवीची माहिती मिळते, नैवेद्य मिळतो. नाळ कशाने कापली आणि तिच्यावर काय लावलं हे विचारायचं कुणाला सुचलेलंच नाही. त्या काळात वर्षाच्या आत साधारण पाचातलं एक मूल जात होतं, आणि त्याचं एक मोठं कारण त्या खोलीत होतं.

सव्वा महिना आणि पूर्ण महिना

मोजणीतला शेवटचा मोठा टप्पा आईचा. आपल्याकडे सव्वा महिना, चीनमध्ये महिना. दोन्हीकडे जड काम नाही, गार पाणी नाही, बाहेर जाणं नाही. दोन्हीकडे उष्ण म्हणून समजलेलं खाणं: आपल्याकडे अळिवाचे आणि डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, बाळंतशोपा, ओवा, कँटनकडे आलं घालून व्हिनेगरमध्ये शिजवलेले डुकराचे पाय आणि अंडी. आपल्याकडे बाजेखाली शेगडी आणि धुरी.

यात चांगलं-वाईट दोन्ही आहे. विश्रांती चांगली, अळिवातलं लोह चांगलं, बाळाला उबेत ठेवणं आणि बाहेरच्यांच्या हातापासून दूर ठेवणं तर फारच चांगलं. बंद खोलीतला धूर वाईट. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकणं वाईट. नाळेवर काहीही लावणं वाईट. आणि सव्वा महिना पाळता येणं हीसुद्धा ऐपतीची गोष्ट होती. भट्टीवर किंवा मजुरीवर जगणाऱ्या कातकरी बाईला तो कधीच पूर्ण मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट दोन्ही देशांत सारखी, आणि ती सोयीची नाही. जुन्या चीनमध्ये मुलगा झाला तर खेळायला जेडचा अलंकार आणि मुलगी झाली तर सूत कातायची चाती, असं म्हणत. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी किंवा जिलेबी. गोड दोन्ही आहे, पण विचारणाऱ्याला डबा उघडायच्या आधीच बातमी कळते. पुढे सोनोग्राफीचं यंत्र आलं तेव्हा ही आवड आकड्यांत उतरली. २०१० च्या जनगणनेत चीनमध्ये शंभर मुलींमागे सुमारे ११८ मुलगे जन्मत होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात २०११ साली सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. जन्माच्या आनंदाचा इतिहास लिहिताना तो कुणाच्या जन्माचा आनंद, हे विचारावंच लागतं.

वारा थांबला कसा?

जिवाणू १८८४ साली सापडला, १८८९ साली कितासातोने तो वेगळा वाढवून दाखवला, आणि १९२०च्या दशकात लस आली. पण बाळं वाचायला तेवढं पुरेसं नव्हतं. वैद्याचं ज्ञान सुईणीच्या हातापर्यंत पोचवावं लागलं. चीनमध्ये यांग छोंगरुई या महिला डॉक्टरच्या पुढाकाराने १९२९ साली राष्ट्रीय सुईण-शाळा निघाली आणि १९५०च्या दशकात गावोगावच्या सुईणींना हात धुणं, कात्री उकळणं शिकवण्याची मोहीम झाली. आपल्याकडे दाई प्रशिक्षण १९०३ पासून तुकड्यातुकड्याने सुरू होतं. त्यातून पुढे ‘पाच स्वच्छता’ आल्या: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ. जोडीला गरोदर बाईला धनुर्वाताची लस. आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, म्हणजे आईच्या दंडावरची सुई बाळाचे पहिले आठवडे सांभाळते. चीनमधून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं २०१२ साली जाहीर झालं, भारतात २०१५ साली. आज महाराष्ट्रात शंभरातली ९४-९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. ‘चार-सहाचा वारा’ पाहिलेली डॉक्टर पिढी आता निवृत्त होत आली आहे.

मग पाचवीची गोष्ट संपली का? नाही. धनुर्वात गेला तरी पहिला आठवडा धोक्याचाच राहिला. जगभर नवजात मृत्यूंपैकी साधारण तीन चतुर्थांश पहिल्या सात दिवसांत होतात. कारणं आता वेगळी: कमी वजन, जंतुसंसर्ग, अंग गार पडणं, श्वास न घेता येणं.

यावरचा सगळ्यात महत्त्वाचा धडा महाराष्ट्रानेच दिला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास मोजायचा, संसर्गाची लक्षणं ओळखायची, आणि ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ बघायचं. तिथला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आला. ‘लॅन्सेट’ने १९९९ साली तो निबंध छापला. पुढे २०११ पासून तीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईंनी सहा वेळा जायचं असतं. दिवस आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा.

हे वेळापत्रक मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेजारी जुनी मोजणी लिहून ठेवली. तिसरा दिवस, चिनी आंघोळीचा. सातवा, पाचवी-सहावीच्या लगेच नंतरचा. अठ्ठाविसावा, पूर्ण महिन्याच्या अलीकडचा. बेचाळिसावा, सव्वा महिना संपतानाचा. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही. धोका जिथे होता तिथे दोघंही पोचले, एक अनुभवाने आणि एक मोजमापाने.

प्रश्न आहे तो या दोन मोजण्या एकमेकींच्या आड येतात तिथे. सरकारी दवाखान्यातून आई-बाळ साधारण तिसऱ्या दिवशी घरी येतात. म्हणजे डॉक्टर-नर्सची नजर सुटते आणि सुवेर अजून चालू असतं. ‘बाराव्यानंतर या’ असं दारातून सांगितलेलं मी काही घरांत ऐकलंय. आशाताई गावातलीच, ओळखीची, त्यामुळे ती भांडत नाही, वहीत खूण करून पुढे जाते. बाळ पिईनासं झालं, अंग गार लागलं, तर घरातले ‘पाचवी होऊ दे, बघू’ म्हणतात. महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर २०२० साली हजारी ११ होता, पूर्वीच्या मानाने खूपच खाली. पण त्या अकरांत असे थांबलेले दोन-तीन दिवस किती असतील, हा प्रश्न मला सोडत नाही.

उलट, याच रीतीचा उपयोग करून घेणाऱ्या आशाताईही भेटल्या. नागोठण्याच्या बाजूच्या एका वाडीत एक ताई पाचवीच्या दिवशीच जातात. त्या म्हणतात, त्या दिवशी घर झाडलेलं असतं, सासूबाई खुशीत असतात, बाळाची आत्या-मावशी सगळ्या हजर असतात. एकदाच सांगितलं की सगळ्यांना कळतं. त्या पाटाजवळ बसतात, हळदकुंकू घेतात, मग पिशवीतून वजनकाटा काढतात. बाळाला झोळीत घालून वजन करतात, बेंबी बघतात, काखेत थर्मामीटर लावतात, आणि आकडे वहीत लिहितात. सातव्या दिवसाची भेट त्या वेगळी करतातच. पाचवीची ही भेट सरकारी तक्त्यात नाही.

मी त्यांना विचारलं, घरातल्या म्हाताऱ्या काही म्हणत नाहीत का? त्या म्हणाल्या, एका आजीने विचारलं होतं, सटवीच्या आधी तूच काय लिहितेस? मग आजीनेच चष्मा मागवला आणि वजन किती भरलं ते वाचून घेतलं. दोन किलो सातशे होतं.